नाईक कांबळे आणि वाडीचे दोन दोर

जिल्ह्यातल्या सैनिकांचं पुस्तक करणारी दोन माणसं मागल्या आठवड्यात रत्नागिरीहून घरी येऊन गेली. कुठली लढाई, कुठलं पदक, एवढंच विचारत होती. मी नाईक भिकू कांबळे हे नाव सांगितलं, तर त्यांतला एक म्हणाला, "हे युद्धात गेले नाहीत ना? मग यांना कुठल्या प्रकरणात घालायचं?" मला राग आला. चहा पाजून त्यांची बोळवण केली आणि लिहायला बसलो. प्रकरण त्यांनी शोधावं.

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती. आमची इंजिनिअर कंपनी दापोलीजवळ पावसानं खचलेला पूल उभा करत होती. मी हवालदार, कांबळे माझ्या सेक्शनचा नाईक. देवरूखकडच्या डोंगरातला, जातीनं महार. त्याच्या गावात त्याला विहिरीची पायरी चढता येत नव्हती. पलटणीत आम्ही एकाच लंगरचं, एकाच पंगतीत जेवत होतो. बोलायला तिखट. माझ्या मिशांना तो 'कंपनीचा दुसरा पूल' म्हणायचा, तेही मला ऐकू जाईल अशा बेतानं. मला तो फार आवडायचा.

श्रावणातल्या एका सकाळी कंपनी कमांडरनं बोलावलं. बुरोंडीच्या पुढं एका लहान वाडीच्या किनाऱ्यावर काटेरी लोखंडी गोळा लागला होता. मागच्या महायुद्धातला पाणसुरुंग. हुकूम साधा होता. कॉर्डन लाव, कुणाला जवळ फिरकू देऊ नको, गाव टेकडीवर हलव, हात लावू नको. मुंबईहून नेव्हीची पार्टी येईल, पुढचं तिचं काम.

आम्ही पोहोचलो तेव्हा ओहोटी होती. गोळा वाळूत रुतलेला, घंगाळाच्या चौपट. वर शिंगं. एक शिंग वाकलं की खेळ खलास. आणि त्या गोळ्याच्या कडीला दोन दोर बांधलेले!

त्या किनाऱ्याचा रिवाज असा की समुद्रातून वाहून आलेल्या वस्तूला ज्याचा दोर आधी पडेल, त्याची ती वस्तू. उजवीकडे कोळीवाडा, डावीकडे खडपांपलीकडे, म्हणजे पाण्यात शिरलेल्या कातळांपलीकडे, मुसलमान मोहल्ला. पहाटे दोन्हीकडची माणसं धावली, आणि एवढं लोखंड कुणाचं यावर भांडण जुंपलं. ते धरून, ओढून, शिंगांना कोपरं घासून त्यांनी दोर बांधले होते.

मी दोन्ही म्होरक्यांना बोलावून सांगितलं, ही वस्तू फुटणारी आहे. मोहल्ल्याचा हसन नाखवा लगेच म्हणाला, "पांडू, तुझा दोर पैला पडला होता रं. घेऊन जा."

कोळीवाड्याचा पांडू तांडेल म्हणाला, "छ्या! नाखवा, तू म्हातारा मानूस. तुझा मान."

कांबळे हसला. मी नाही हसलो.

गाव टेकडीवर गेलं. होड्या मात्र किनाऱ्यावरच होत्या, पावसाळ्यासाठी ओढून माडाच्या झापांनी शाकारलेल्या, ओळीनं, दोन्ही वाड्यांच्या. चिखलातून त्या वर ओढायला दिवस गेला असता. मी वायरलेस सेट लावून कंपनीला विचारलं.

"नेव्ही कुठवर? ओव्हर."

"घाटात दरड. रात्रीपर्यंत येतील. ओव्हर."

"भरती दुपारी आहे. माईन तरंगेल. ओव्हर."

"हात लावू नका. आऊट."

भरतीला गोळा उचलला जाणार आणि तिथली ओढ त्याला उजवीकडे, थेट होड्यांवर नेणार, हे पांडूनं सांगितलं. "नारळीपुनव आठ दिसांवर. होड्या गेल्या तर आमी खावचा काय?"

तेव्हा कांबळे म्हणाला, "साहेब, हात लावायचा नाही, बरोबर? दोर लागलेलेच आहेत. दोन्ही बाजूंनी लांबून ताणून धरू. गोळा मधल्या मधे तरंगेल. खडपावर नाही, होड्यांवर नाही. पाणी उतरलं की परत वाळूत बसेल."

मी मान्य केलं. आजही करीन.

दोरांना आणखी दोर जोडून लांबवले. पांडूची माणसं टेकडीवरून उतरून होड्यांमागच्या दगडी गडग्याआड बसली, नाखव्याची खडपांमागच्या घळीत. मी गडग्याजवळ. कांबळे खडपाच्या टोकाला आडवा पडला, कारण तिथून दोन्ही बाजू दिसत होत्या. हातानं खूण करायचा, ताण, ढील, ताण.

पाणी चढलं. गोळा सुटला आणि डुलायला लागला. प्रत्येक लाटेला शिंगं आमच्याकडे वळायची. अंगावर पाऊस कोसळत होता. निम्म्याहून जास्त भरती अशीच पार पडली. मला वाटलं, जमलं.

मग कांबळे उठून बसला. नाखव्याचा दोर खडपाच्या धारेवर घासून तुटत होता. एक पीळ गेला, दुसरा गेला. मी ओरडलो, "कांबळे, मागं ये!"

"एक मिनिट, साहेब."

दोर तुटला. समुद्राकडचं टोक कांबळेनं दोन्ही हातांनी पकडलं. ते सुटलं असतं तर गोळा होड्यांवर आला असता, आणि होड्यांमागं वीस माणसं होती. त्यानं पाय खडपात रोवले आणि दोर कमरेला गुंडाळला. मग कोळ्यांकडे बघून ओरडला, "ढील द्या! सगळा सोडा!"

ढील दिली की गोळा होड्यांपासून लांब, त्याच्याकडे, खडपावर जाणार, हे त्याला कळत होतं. पांडूलाही कळलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. लाट उचलत होती. मी म्हणालो, "सोडा."

स्फोटानंतर बराच वेळ मला काही ऐकू येत नव्हतं. गडग्यावर वाळू पडत राहिली. होड्यांना धक्का लागला नव्हता. माणसं सगळी होती. कांबळे नव्हता.

जे सापडलं ते नाखव्यानं शिडाच्या कापडात बांधलं. टेकडीवरच्या ट्रकपर्यंत चढ होता, निसरडा. माझे जवान पुढं झाले, तर पांडू म्हणाला, "तुमी बाजूला व्हा." कोळी आणि मुसलमान खांदे बदलत वर गेले.

दोन दिवसांनी त्याच्या घरी मी स्वतः गेलो. सरकारी तार आधी पोहोचली होती. म्हातारी आई ओटीवर बसली होती, डोळे कोरडे. मी जे घडलं ते सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"खांदा कोनी दिलान?"

"वाडीतल्या लोकांनी. कोळ्यांनी, मुसलमानांनी. सगळ्यांनी."

ती माझ्याकडे बघत राहिली. "त्यांना ठाव हुता, आमी कोन ते?"

"हो, आई. आम्ही तिथं पोहोचताच त्यांनी गाव, आडनाव विचारलं होतं. त्यानं सांगितलं होतं."

तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला आणि ती रडायला लागली. मीही.