डेलमारचे पन्नास हजार

डेलमार ट्रॉस्टल आमच्या गेटिसबर्गचा निवृत्त प्लंबर. पण सकाळी माझ्या खाणावळीत कॉफी पुढ्यात आली, की त्याचा सेनापती व्हायचा. अमेरिकेच्या यादवी युद्धातली आमच्या गावची लढाई दक्षिणवाले १८६३ साली हरले. डेलमारच्या डोक्यात मात्र ते रोज जिंकायचे. "आणि जिंकल्यावर पन्नास हजार शिपाई उरले असते! सरळ वॉशिंग्टन!" असं म्हणत तो माझ्या मिठाच्या बाटल्या टेबलावरून पुढे दामटायचा. मेल्याने आजवर किती मीठ सांडलं असेल!

समोर त्याचा दोस्त ऑर्व्हिल कून, कट्टर उत्तरवाला. "त्यातल्या निम्म्यांना हगवण लागलेली, लेका. परसाकडे बसून राजधानी घेणार होते का?"

दर जुलैला हे म्हातारे गणवेश चढवून ती लढाई पुन्हा खेळतात. यंदा डेलमारच्या करड्या कोटवाल्या, म्हणजे दक्षिणेच्या, तुकडीत नऊच जण उरले. एक वारला, दोघांचे गुडघे गेले. दहा भरले नाहीत तर तुकडी मोडून दुसरीत घालतात. तीस वर्षं जपलेली तुकडी! डेलमारचं तोंड एवढंसं झालं. पन्नास हजारांचा धनी, आणि एक माणूस मिळेना.

ज्या बाजूला माणसं कमी, तिकडचा कोट घालायचा, ही इथली जुनी रीत. ऑर्व्हिल म्हणाला, "मी येतो तुझ्यात. पण इथे सगळ्यांसमोर कबूल कर, जिंकला असतात तरी पुढे जायला तुमच्याकडे बळ नव्हतं."

डेलमार उठून उभा राहिला. कान लालबुंद. "नव्हतं," एवढंच म्हणाला.

मला त्या ऑर्व्हिलच्या डोक्यावर किटली उपडी करावीशी वाटली.

तुकडी वाचली. ऑर्व्हिल करड्या कोटात कुरकुरत चालला आणि पहिल्याच फैरीला झाडाची सावली बघून मेला. पण दुसऱ्या दिवसापासून डेलमारची वाचाच बसली. यायचं, अंडी खायची, चालू पडायचं. ऑर्व्हिल समोर बसून नुसता पाव कुस्करायचा. खाणावळीत सुतक पडल्यासारखं झालं होतं.

शेवटी ऑर्व्हिललाच राहवेना. "डेलमार, समज व्हर्जिनियातून ताजी कुमक आली असती तर? दहा हजार धर."

डेलमारने मान वर केली नाही. "कुठून येणार? नव्हतीच."

"अरे, मी देतो ना! पंधरा घे, पण बोल की काहीतरी!"

डेलमारने बशी बाजूला सारली.

"वीस," तो म्हणाला. "आणि घोडदळ वेगळं."