गादी उन्हात न्यायला शिकवणाऱ्या रूथबाई

रूथबाईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझ्या पायात एकच चप्पल होती. दुसरी कुठं पडली, हे मला आजही सांगता येणार नाही. माझी पत्नी सुनंदा मला हसनाबादहून जालन्याला त्यांच्या दारात घेऊन आली होती. दारूनं माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान बुडवलं होतं. हात असे कापत की तांब्याची तार बोटांत ठरत नसे. मिशनच्या दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या बाई, दारू सोडू पाहणाऱ्यांना आपल्याच घरात ठेवून घेत. आज त्यांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात मला लिहायला सांगितलंय, आणि त्याच हातांनी मी हे लिहितोय!

सकाळी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या झाल्या की बाई बायबल उघडत. पहिल्याच दिवशी त्यांनी तळ्याकाठी अडतीस वर्षं पडून राहिलेल्या आजारी माणसाची गोष्ट वाचली. येशूनं त्याला विचारलं, बरं व्हायचंय का? तो हो म्हणायचं सोडून, रोग बरे करणाऱ्या त्या पाण्यात मला कुणी उतरवतच नाही, हे सांगत बसला. वाचून झाल्यावर बाईंनी मलाही तेच विचारलं. मी भावापासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळ्यांबद्दलची गाऱ्हाणी ऐकवली.

“हे न्हाई विचारलं मी,” बाई म्हणाल्या आणि चष्मा पुसू लागल्या.

पुढं येशू त्या माणसाला अंथरूण उचलून चालायला सांगतो. मी मेकॅनिकच्या डोक्यानं विचारलं, “पाय चालायले तर अंथरूण कशाला उचलायचं? राहू द्यावं तिथंच.”

“मंग संध्याकाळी परत येऊन त्याच्यावरच झोपला असता ना!”

म्हणून बाईंच्या घरी एक रीत आहे. बरा होऊन जाणाऱ्यानं आपली गादी स्वतः गच्चीवर न्यायची, दिवसभर उन्हात टाकायची आणि पुढच्या माणसासाठी अंथरून द्यायची. मी मात्र बाराव्या दिवशी गादी तशीच सोडून पळालो.

तीन आठवड्यांनी एकटाच परत आलो. सुनंदा माहेरी धावड्याला निघून गेली होती. बाई दार लावून घेतील, अशी खात्रीच होती. त्या म्हणाल्या, “बराबर आलात. तुमची गादी राह्यली होती.” मग तोच प्रश्न. या खेपेला एकही गाऱ्हाणं आठवेना. “हो,” एवढंच म्हणालो आणि ढसाढसा रडलो.

आमच्या घरचं समर्थ रामदासांच्या जन्मगावी, जांब समर्थला, दर्शनाला जाणं-येणं. बाई मला बाटवतील, अशी आईला धास्ती होती. बाईंनी तिला चहा दिला आणि म्हणाल्या, “तुमचा देव तुमच्यापाशीच राहू द्या, माय. मला ह्यांची फक्त दारू पाह्यजे.” पुढच्या वेळी आईच विचारू लागली, “आज कोणती गोष्ट हाय?”

अडीच महिन्यांनी मी गादी उचलली. सोळा पायऱ्या होत्या. बाईंच्या निरोपावरून सुनंदा आली होती. मी पाचव्या पायरीवर अडखळलो तशी ती मदतीला धावली, पण बाईंनी तिचा हात धरला. “न्हाई. त्यांची त्यांना नेऊ द्या.” वर पोचलो तेव्हा धाप लागली होती, पण हात बिलकुल कापत नव्हते! त्या दिवसापासून सहा वर्षं मी दारूला शिवलो नाही. दुकान चालू आहे आणि हिशेब सुनंदाकडे आहे, हे बाईंच्याच सल्ल्यानं.

गेल्या महिन्यात बाई स्वतः तापानं अंथरुणाला खिळल्या. आम्ही जुने पेशंट घाबरून गोळा झालो. मी धीर करून विचारलं, “बाई, बरं व्हायचंय का तुम्हाला?”

“हो तर!” बाई डोळे वटारून म्हणाल्या.

आणि परवा बाई उठल्या! आपली पातळ गादी काखेत मारली आणि जिना चढू लागल्या. मधे दोनदा टेकल्या. आम्ही नऊ जण हात पुढं करून मागं उभे होतो, पण कुणाची हात लावायची बिशाद झाली नाही. गादी उन्हात पडली तेव्हा आम्ही टाळ्या पिटल्या.

देव बाईंना उदंड, निरोगी आयुष्य देवो. बाई, तुम्ही चढत राहा. आम्ही एक पायरी मागं उभे आहोत.