फोटोओळीतले 'आणि इतर'

माझे चुलतसासरे हे नाशिक जिल्ह्यातले एकमेव गृहस्थ असावेत, की जे समोर उभे असताना कुणाला दिसत नसत आणि फोटोत मात्र कधी चुकत नसत. अंगाने किडकिडीत, डोक्यावर पांढरी टोपी, आणि भर वैशाखातसुद्धा गळ्यापर्यंत बटणं लावलेला काळा कोट. कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले, पंचवटीत भांड्यांच्या दुकानावरच्या एका खोलीत एकटे राहणारे. आमच्या घरात आले तरी चाहूल नाही. मी कणीक मळत असायची, मागे वळायची, तर हे पाटावर बसून मटार सोलत असायचे आणि अर्धं पातेलं भरलेलं असायचं. "काका, कधी आलात?" "झाला बराच वेळ, सूनबाई. तू गाणं म्हणत होतीस. सूर जरा वर लागत होता." लग्नानंतर पहिली दोन वर्षं मी त्या घरात मोकळेपणी गाणं म्हटलं नाही.

माझ्या लग्नाचा आल्बम बघा. मी तेव्हा स्वतःला फार देखणी समजत असे. आरशासमोर उभं राहून हनुवटी किती अंशात धरायची याचा सराव मी आठवडाभर केला होता. तर आल्बमच्या पहिल्या फोटोत माझी हनुवटी आणि तिच्यामागे काकांची टोपी. मंगळसूत्र घालताना टोपी. उखाणा घेताना टोपी. केवळ मुलीकडच्या बायकांचा म्हणून काढलेल्या फोटोतही, पैठण्यांच्या रांगेत काळा कोट. आणि मांडवातल्या कुणालाही विचारा, शपथेवर सांगतील की काका दिवसभर आचाऱ्यापाशी बसून होते. गंमत पुढची. बाकी सगळे कुठेतरी बघताहेत: कुणी नवरीकडे, कुणी पंगतीकडे. काकांची नजर मात्र सरळ तुमच्यावर. आल्बम कुठूनही बघा, उलटा धरा, तुमच्यावरच. मी एकदा त्यांना विचारलं, "काका, तुम्ही कॅमेऱ्याकडे का बघता हो?" ते म्हणाले, "कॅमेऱ्याकडे कोण बघतंय? मी पुढे जो फोटो बघेल त्याच्याकडे बघतो."

मग मला एका स्थानिक वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायची नोकरी लागली. मी लगेच काळा चष्मा घेतला, खांद्याला शबनम अडकवली, आणि आता वर्षभरात दिल्लीचे लोक आपल्याला चहाला बोलावणार अशा थाटात चालायला लागले. प्रत्यक्षात माझ्याकडे काम होतं फोटोओळी लिहिण्याचं. ओझरला विमान उतरायचं, देशाचे सर्वांत मोठे नेते विश्रामगृहावर यायचे, आणि मग त्यांना भेटायला रांग: मंत्री, आमदार, परदेशी पाहुणे, शिष्टमंडळं. आमचा फोटोग्राफर वसंता फोटो काढायचा आणि मी खाली लिहायची, 'डावीकडून अमुक, तमुक आणि इतर.' हे 'इतर' म्हणजे बहुतेक वेळा आमचे काका. पोलिसांचं कडं असायचं, पास असायचे, आणि तरी नेते आणि पाहुणा यांच्या मधल्या फटीत ती टोपी असायचीच.

वसंता आधी चिडायचा, मग हसायचा, मग गप्प व्हायला लागला. एकदा मला म्हणाला, "वहिनी, खरं सांगतो, मी बटण दाबलं तेव्हा हे तिथं नव्हते हो." मी म्हटलं, "तुझे डोळे तपासून घे." तो मला त्याच्या अंधाऱ्या खोलीत घेऊन गेला. लाल दिव्याखाली कोरा कागद औषधात बुडवला, हलकेच हलवला. नेते नाहीत, पाहुणे नाहीत, हार नाही. सगळ्यांत आधी त्या पांढऱ्या कागदावर दोन काळे ठिपके वर आले. ती काकांची बुबुळं. त्यानंतर कोट. बाकीचं जग नंतर सावकाश उमटलं. "दर वेळी असंच," वसंता म्हणाला. मी बाहेर आले आणि काळा चष्मा लावला. तेवढंच एकदा तो उपयोगी पडला. डोळ्यांतली भीती दिसली नाही.

एकदा तर दिल्लीचं वर्तमानपत्र कार्यालयात आलं. नेत्यांच्या दिल्लीतल्या बंगल्यावर कुठल्याशा देशाचे पाहुणे, हस्तांदोलन, मागे जाड पडदा, आणि पडद्याच्या कडेला टोपी. मी तारीख बघितली. त्या दिवशी काका आमच्या घरी गुळांबा ढवळत होते. उलथनं माझ्यासमोर त्यांच्याच हातात होतं. मी अंक त्यांच्यापुढे टाकला. "काका, दिल्लीला कधी गेलात?" त्यांनी चष्मा पुसला, कागद नाकाशी धरला. "मी कुठला जातो? पण कोट माझाच दिसतो," आणि थोड्या वेळाने, समाधानाने, "बरं झालं. हे वर्तमानपत्र लांबपर्यंत जातं."

त्या दिवशी मी हट्टच धरला, तेव्हा ते बोलले. त्यांचा एकुलता मुलगा मॅट्रिकला नापास झाला होता. काकांनी रागाच्या भरात त्याला म्हटलं होतं, "पुन्हा तोंड दाखवू नकोस मला." मुलगा आज्ञाधारक निघाला. सकाळी सिन्नरच्या गाडीत बसताना कुणीतरी बघितला, त्यानंतर कुणीच नाही. मी लग्न होऊन आले त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. "मी त्याला तोंड दाखवू नको म्हटलं," काका म्हणाले, "पण मी त्याला माझं तोंड दाखवायला काय हरकत आहे? माझा एकट्याचा फोटो कोण छापणार? या मोठ्या माणसांचा गावोगाव छापला जातो. भेळेच्या पुडीवरसुद्धा येतो. आपलं वर्तमानपत्र द्राक्षाच्या पेट्यांत अंथरतात की नाही? सुरत म्हणू नको, कलकत्ता म्हणू नको. कुठेतरी पेटी उघडेल, कागद झटकेल, आणि मी बघत असेन त्याच्याकडे." मी म्हटलं, "हरवल्याची जाहिरात द्यायची." ते म्हणाले, "'निघून ये, कुणी रागावणार नाही' ही जाहिरात पळालेली पोरं वाचत नाहीत, सूनबाई. मोठ्यांचे फोटो सगळे बघतात."

पण वर्षं गेली, गाल आत गेले, दात गेले. एके दिवशी ते आरशापुढे बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "आता हे तोंड तो ओळखणार नाही. आता नाव लागेल." त्यानंतर त्यांचा एकच ध्यास: फोटोओळीत नाव. मी दर वेळी लिहायची आणि संपादक दर वेळी निळ्या पेन्सिलीने काट मारून वर 'आणि इतर' लिहायचे. "बाई, नाव छापायला माणसाला काहीतरी पद लागतं. 'माझे सासरे' हे पद नाही." मी, दिल्लीला चहाला जाणारी, मान खाली घालून बाहेर यायची.

शेवटी योग आला. कांद्याचे भाव पडले होते आणि सिन्नरकडची मंडळी नेत्यांना निवेदन द्यायला येणार होती. निवेदन लिहून दिलं काकांनी, सुवाच्य अक्षरात. पैसे घ्यायला तयार नव्हते. "मला तुमच्यात उभं करा आणि यादीत नाव द्या, एवढंच." शिष्टमंडळाचे पुढारी म्हणाले, "म्हातारबा, त्यात काय एवढं? माझ्या शेजारी ऱ्हावा." झालं. काका रीतसर सदस्य झाले, म्हणजे पद आलं. आदल्या दिवशी मी ओळ लिहिली, संपादकांनी पेन्सिल खाली ठेवली, छापखान्यातल्या जुळाऱ्याने खिळे जुळवले. मी काकांना त्याचा ठसा दाखवला. ते आपल्या नावावरून बोट फिरवत राहिले. शाई ओली होती. नाव बोटाला लागलं, ते त्यांनी पुसलं नाही.

भेटीच्या दिवशी सकाळी आमचे हे त्यांना रिक्षात घालून न्यायला गेले. काका खुर्चीत तयार बसले होते. इस्त्रीचा कोट, टोपी, पायात वहाणा. डोळे उघडे, दारातून येणाऱ्याकडे लागलेले. अंग केव्हाच गार झालं होतं.

आम्ही सगळे अमरधामला गेलो. कार्यालयाला कळवायचं कुणाला सुचणार! दुसऱ्या दिवशी अंक दारात पडला. पहिल्याच पानावर फोटो. एका बाजूला नेते, समोर शिष्टमंडळ ओळीने उभं, आणि पुढाऱ्यांच्या शेजारी एक माणूस मावेल एवढी मोकळी जागा. मागची भिंत स्वच्छ दिसत होती. बाकी कुणीही तिथे सरकलेलं नव्हतं. आणि नेते हात जोडून, किंचित वाकून, हसून, त्या मोकळ्या जागेला नमस्कार करत होते. खाली नावं डावीकडून बरोबर क्रमाने होती. काकांचंही.

पुढारी भेटायला आले तेव्हा मी अंक पुढे केला. "मध्ये जागा का सोडलीत?" ते चमकले. "नाय ओ ताई, लय खेटून उभे व्हतो. माझ्या खांद्याला खांदा लागत व्हता." "कुणाचा?" त्यांनी अंक पुन्हा जवळ घेतला. मग म्हणाले, "म्हातारबा दिसले नाय, पण ते कवा दिसत्यात? म्हटलं, फोटोत येतीलच." जाताना पायरीवर थांबून खांदा चोळत म्हणाले, "गार लागत व्हता, एवढं खरं." संपादकांनी मला बोलावून घेतलं ते गेलेल्या माणसाचं नाव छापलं म्हणून झाडायला. निळी पेन्सिल घेऊन त्यांनी नावं आणि माणसं ताडून पाहिली. पेन्सिल एकेका माणसावर टेकत गेली, त्या मोकळ्या जागेवरही टेकली आणि पुढे गेली. "बरोबर आहे की," ते म्हणाले. मग पेन्सिलीकडे बघत राहिले. मला जायला सांगितलं.

द्राक्षाचा हंगाम आला आणि गेला. एका दुपारी दार वाजलं. कानशिलं पिकलेला एक माणूस उभा, हातात चुरगळलेला कागद. "वहिनी ना? मी पंचवटीतल्या..." आणि त्याने कागदच पुढे केला. सुरतेत मागावर काम करत होता; शेठच्या घरी द्राक्षाची पेटी उघडताना तळाशी हा निघाला. कागदावर रसाचे डाग होते. "नावावरून कळलं, वहिनी. नाहीतर ओळखलं नसतं. किती वाळलेत बाबा!" असं म्हणून त्याने बोट ठेवलं ते त्या मोकळ्या जागेवर. "टोपी मात्र तीच. आणि बघतायत कसे, जसं काही मलाच... आत आहेत का?"

आयुष्यभर मला कधी शब्द कमी पडले नाहीत. त्या दिवशी मी एवढंच म्हटलं, "बसा, पाणी आणते." बाकीचं ह्यांनी सांगितलं. तो रात्री काकांच्या खोलीतल्या खुर्चीपाशी जमिनीवर झोपला, सकाळी रामकुंडावर जाऊन आला, आणि कात्रण छातीशी धरून परत गेला. त्याच अंकाचं एक कात्रण माझ्याकडेही आहे. मी ते उजेडात धरून, भिंग लावून बघितलं आहे. माझ्या कात्रणात भिंतच दिसते.

आता मी स्वतः म्हातारी झाले. हनुवटीचा सराव केव्हाच सुटला. आता हनुवटी कुठे संपते तेच कळत नाही. हे जाऊनही बरीच वर्षं झाली. सणाला घर भरतं तेव्हा नात मोबाईल धरून आम्हा सगळ्यांना ओळीत उभं करते आणि दर वेळी माझ्यावर ओरडते, "आजी, जरा डावीकडे सरक ना! मध्ये केवढी जागा राहते. खेटून उभी राहा."

"खेटूनच उभी आहे गं," मी म्हणते. डावा खांदा जरा गार लागतो. मग ती फोटो बघायला माझ्यापुढे धरते, आणि मी म्हणते, अगंबाई, चष्मा कुठे ठेवला कोण जाणे.