साडूंच्या हाती माईक

माझ्या थोरल्या साडूंइतका निर्लज्ज माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही, आणि हे मी छाती फुगवून सांगतो. बाकीची माणसं लग्नाला जेवायला जातात, आमचे साडू माईक हातात घ्यायला जातात. पत्रिका आली तर जातातच. नाही आली तर सगळ्यांच्या आधी जातात. नोकरीभर एसटीच्या चौकशी खिडकीत बसून त्यांनी गाड्या पुकारल्या. निवृत्तीच्या दिवशी शाल-नारळ मिळाला, खिडकी सुटली. पण तो आवाज कुठं जाणार? तो त्यांच्याबरोबर फुलचूरच्या घरी आला. सकाळी ताईंनी, म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीने, कप भरले रे भरले की पुकारा होतो, "चहा लागलेला आहे, संबंधितांनी कृपया लक्ष द्यावे!" ताई आतून ओरडतात, "हे घर हाय का फलाट हाय?" साडू ढिम्म.

आमच्याकडे लग्नात आहेर माईकवरून पुकारायची पद्धत आहे. कोणी काय दिलं हे सगळ्या मांडवाला कळलं पाहिजे, नाहीतर देण्यात मजा ती काय? हे काम साडूंकडे आपसूक आलं. ते आहेरही गाड्यांसारखेच पुकारतात, "आमगावकडून आलेल्या मामांकडून पातेलं लागलेलं आहे!" मांडव हसतो, मामा फुलतात, आणि त्या हशातच साडू आपली गाडी पुढं काढतात, "याच मामांनी मुक्कामघरासाठी सिमेंटची पोती कबूल केल्याबद्दल आमचं मंडळ त्यांचं ऋणी आहे." मामांनी काडीचंही कबूल केलेलं नसतं. मुक्कामघर ही काय भानगड आहे हेही त्यांना ठाऊक नसतं. पण टाळ्या पडून गेलेल्या असतात, आता माघार कशी घेणार? "साडभाऊ," ते मला एकदा समजावून सांगत होते, "मागितलं का मानूस इचार करत बसते. आभार मानले का देऊन मोकळा होते."

आता ही भानगड सांगतो. आमच्या भागात सिकलसेलचं दुखणं फार. आईबापाच्या रक्तातून पोरांत उतरतं, आणि कळा सुरू झाल्या की पोर हातपाय आवळून असं कळवळतं की बघवत नाही. साडू नोकरीत होते तेव्हाची गोष्ट. देवरीची शेवटची गाडी त्यांनी पुकारली, ती सुटली, आणि समोरच्या बाकावर एक बाई तशीच बसून. मांडीवर आजारी पोरगी. गाव देवरीच्याही पलीकडे, जंगलात. दवाखान्यानं सकाळी परत बोलावलेलं, मग जाऊन-येऊन परवडणार कसं? "इथंच बसतो ना भाऊ," ती म्हणाली. साडू दोघींना घरी घेऊन आले. ताईंनी आधी पोरीला वरणभात भरवला आणि मग नवऱ्याला विचारलं, "आज हिले आनलं. उद्या दुसरी येईन, तिले कोठी ठेवाल?" तो प्रश्न साडूंच्या डोक्यात जो शिरला तो निघेचना. निवृत्त झाल्याबरोबर त्यांनी आपल्यासारखेच पेन्शनवाले गोळा केले आणि मंडळ काढलं. अशा बायाबापड्यांसाठी दवाखान्याजवळ चार खोल्या, फुकट मुक्काम, गरम जेवण. जागा मंडळातल्याच एका म्हाताऱ्यानं दिली. बाकीच्यासाठी लग्नसराई होतीच.

मीही सुटलो नाही. माझ्याच मुलीच्या लग्नात मी पंगतीत जिलबी वाढत असताना ऐकलं की वधुपित्याने मुक्कामघराचे सगळे पंखे दिलेले आहेत. वधुपिता म्हणजे मी! पहिली टाळी वाजवली ती माझ्या बायकोनं. मांडवामागं गाठून मी म्हटलं, "भाऊजी, मला विचारायचं तरी!" तर म्हणतात, "तुमाले कायले विचारू? तुमी तं घरचे." झालं, घेतले पंखे. बुद्धविहारातल्या एका लग्नात वंदना संपली, माईक साडूंकडं आला आणि नवरदेवाचा भाऊ गवंडी निघाला. भिंती त्या पोरानं उचलल्या, मजुरी न घेता. तेरवीला, म्हणजे कोणाच्या तेराव्याला, मात्र साडू माईक मागत नाहीत. गेलेल्या माणसाच्या पोराशेजारी बसून राहतात, त्याचं सगळं ऐकून घेतात. एकानं उठताना आपणहून वडिलांची खाट देऊ केली. ती डोक्यावर घेऊन साडू पायी घरी आले, आणि ताईंनी ती लगेच धुऊन काढली.

भिंती उभ्या राहिल्या आणि घोडं अडलं ते छतावर. छत म्हणजे काही पातेलं नव्हे, मामाच्या गळ्यात मारायला. पावसाळा तोंडावर आलेला, उघड्या भिंती भिजून खचल्या असत्या. त्यात ती देवरीकडची बाई पोरीला दवाखान्यात आणायची तेव्हा दरवेळी बांधकामापाशी थांबून विचारायची, "कवा होते भाऊ?" साडू "होते, होते" म्हणायचे आणि घरी येऊन ताटावरून उठून जायचे. "आजकाल चहा बी नाई पुकारून राहिले," ताई मला म्हणाल्या.

तेवढ्यात गोंदियातल्या एका राईस मिलवाल्या शेठजींच्या घरचं लग्न आलं. हे शेठ कोणत्याही वर्गणीला "मुनीमजी से मिलो" म्हणणारे, आणि मुनीमजी कायमचे बाहेरगावी. लॉनवर पाय ठेवायला जागा नव्हती. साडूंनी ऑर्केस्ट्रावाल्याकडून माईक कसा मिळवला देव जाणे. मी निवांत कुल्फी खात होतो. "कृपया लक्ष द्या! सिकलसेलच्या लेकरांसाठी बांधलेल्या मुक्कामघराचं संपूर्ण छत शेठजींनी आपल्या मातोश्रींच्या नावानं दिलेलं आहे!" माझी कुल्फी काडी सोडून खाली. शेठ लालबुंद होऊन स्टेजकडे निघाले. वाटेत व्याह्यांनी मिठी मारली, कोणी हार घातला, बँडवाल्यांनी वाजवायला घेतलं, आणि पहिल्या रांगेत बसलेली त्यांची म्हातारी आई दोन्ही हात वर करून रडायलाच लागली, "मेरा बेटा! मेरे नाम से!" शेठनी साडूंच्या हातातून माईक हिसकावला. मला वाटलं, संपलं, आता पोलीसच. शेठनी आईकडे पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "छत... और दरवाज़े-खिड़की भी."

अहो, काय टाळ्या पडल्या! मी कुठल्या अनोळखी माणसाला मिठी मारली ते आजतागायत मला माहीत नाही. नंतर शेठ साडूंना बाजूला घेऊन म्हणाले, "भाईसाहब, एक बार पूछ तो लेते." साडू म्हणाले, "पूछता तो देते क्या?" शेठनी खरोखरच विचार केला. "नहीं देता," म्हणाले आणि पोट धरून हसत सुटले. पावसाच्या आधी स्लॅब टाकून झाला. तोवर शेठ रोज येऊन सळया तपासायचे.

उद्घाटनाच्या दिवशी साडू माईकला चिकटलेलेच होते. पंख्यांचे आभार, दारांचे आभार, खाटेचेही आभार. लोक जेवायला उठायला लागले तेव्हा ती देवरीकडची बाई पोरीचा हात धरून पुढं आली. पदराला बांधून आणलेली चारोळी तिनं टेबलावर ठेवली. रानातून स्वतः वेचून, फोडून आणलेली. "हे माझ्याकडून," ती म्हणाली. साडूंनी हात जोडले. ती हलली नाही.

"माईकवर नाई घेत का माझं नाव?"

"घेतो ना बाई, काऊन नाई?" साडू गडबडून गेले.

"दवाखान्यात माझं नाव पुकारतेत ना भाऊ, तवा छातीत धस्स होते. पोरीचं काय सांगतीन, काय नाई. येक डाव असंच घ्या. चांगल्या कामासाठी."

साडूंनी माईक तोंडाशी नेला. "कृपया" म्हणाले आणि अडकले. गाड्यांना, मामांना, शेठजींना पुरून उरलेला तो आवाज निघेचना. मी उठायला लागलो, तर ताईंनी हात धरून मला खाली बसवलं. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती, आणि खरं सांगायचं तर माझ्याही. मग अगदी हळू, घरच्या माणसाला हाक मारावी तसं साडू म्हणाले, "सामबत्तीबाईंकडून... लेकरांसाठी... चारोळी."

सगळे टाळ्या वाजवत होते. सामबत्तीबाई डोळे मिटून ऐकत उभी होती.

"आनखी येक डाव घ्या ना भाऊ," ती म्हणाली. साडूंनी पुन्हा तिचं नाव घेतलं.