वीरण्णामामांचा सोमवार

चाकूरच्या आमच्या महाविद्यालयात वीरण्णा एकोणतीस वर्षांपासून शिपाई आहेत. विद्यार्थी त्यांना मामा म्हणतात, म्हणून प्राध्यापकही म्हणतात, आणि कार्यालय अधीक्षक असलो तरी मीही मामाच म्हणतो. शिक्षण दहावी नापास. घरी पाच एकर रान आणि एक बैलजोडी. कामाला वक्तशीर, बोलायला मोकळे. पानाची सवय सोडली तर मला त्यांच्यात नोंद घ्यावी असा दोष दिसला नाही.

संगणकाशी त्यांचा संबंध आला तो तीन वर्षांपूर्वी. कार्यालयातल्या एका मशीनवर कसलंसं वेब पान उघडलं आणि मशीन बिघडलं. प्रवेशाच्या याद्या त्यातच होत्या, त्यामुळे तीन दिवस काम अडलं. लातूरहून दुरुस्तीला शिवशंकर नावाचा तरुण आला. त्यानं उघडलेला ब्राउझर आम्हाला दाखवला. वरच्या कोपऱ्यात लाल खूण होती.

"सर, ब्राउझरमध्ये कुठं फट सापडली की कंपनी ती बुजवायचा अपडेट पाठवते. तो उतरतो आपोआप. पण ब्राउझर बंद करून पुन्हा उघडल्याशिवाय लागू होत नाही. तुमच्याकडं फेब्रुवारीपासून कुणी तो बंदच केला नाही."

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. चहाचा ट्रे घेऊन उभे असलेले मामा तेवढे बोलले, "म्हंजे ह्यान्ला इसावाच दिला न्हाई म्हणा की."

"हाव मामा, तसंच समजा. आठवड्यातून एकदा दिला तरी लई झालं."

"मग सोमवार बरा."

मामांच्या घरी सोमवारी बैल जुंपत नाहीत. पेरणी कितीही अंगावर आलेली असो, त्यांच्या वडिलांनी हा नेम मोडला नाही, मामांनीही नाही. आमच्याकडे बऱ्याच गावांत असंच आहे. सोमवारी बैलांना धुवायचं, चारा टाकायचा आणि मोकळं ठेवायचं. मामांनी हा नेम आमच्या चौदा मशीनना लावला. शिवशंकरकडून त्यांनी दोन वेळा समजून घेतलं आणि पुढच्या सोमवारपासून जेवणाच्या सुट्टीत एकेका टेबलापाशी जाऊन ब्राउझर बंद करायला, पुन्हा उघडायला आणि लाल खूण गेल्याची खात्री करायला सुरुवात केली. झालं की टेबलाच्या कडेला खडूची एक रेघ.

कार्यालयात हंगामी लिपिक म्हणून दयानंद आहे, भोकरकडचा. कामाला चलाख, पण त्याच्या मशीनवर एका वेळी चाळीस पानं उघडी. तो मामांना नेहमी डिवचायचा. "काय करून राहिले मामा? माझ्या मशीनला जरा पेंड पण घाला."

"घालू की. बैल कामाचा आसंल तर घालू."

असं तीन वर्षं चाललं. त्या काळात एकही मशीन तसं बिघडलं नाही. ह्याचं श्रेय कुणी मामांना दिलं नाही. मीही दिलं नाही.

मागच्या जुलैमधली गोष्ट. बबिता नावाची आमच्या महाविद्यालयातून बी.कॉम. झालेली मुलगी एम.कॉम.साठी नांदेडला निघाली होती. प्रवेश मिळाला होता, प्रश्न राहण्याचा होता. मुलींच्या वसतिगृहाच्या ऑनलाइन अर्जाची मुदत सोमवारी संध्याकाळी सहाला संपत होती. तिचे वडील सुदाम यांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, वसतिगृह मिळालं तर नांदेड, नाहीतर शिक्षण बास. खोली करून एकटं राहायला ते पाठवणार नव्हते.

ती त्याच सोमवारी सकाळी दहाला कार्यालयात आली. लॉगिनसाठी आधारशी जोडलेल्या नंबरावर ओटीपी जातो, आणि घरातला तो एकच नंबर वडिलांच्या खिशात. सुदाम तेव्हा गावातच होते, त्यांनी फोनवर आकडे सांगितले. दयानंदनं तिच्यासोबत बसून फोटो, सही, दाखले सगळं चढवलं. एक दाखला नीट दिसत नव्हता म्हणून बबिता झेरॉक्सच्या दुकानात गेली आणि दयानंद डबा खायला. अर्ज तसाच उघडा राहिला.

सोमवार, दीडचा सुमार. मामांनी ब्राउझर बंद केला, उघडला आणि कडेला रेघ मारली.

दयानंद परत आला तेव्हा पडद्यावर पुन्हा लॉगिन करा असं आलेलं. भरलेलं सगळं गेलं होतं. तो ओरडला, "मामा, त्या पोरीचं वर्ष घालवलं तुम्ही! कुणी सांगितलं होतं हात लावायला?"

बबिता दारात उभी होती. तिनं वडिलांना फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला.

"अप्पा रानात गेले आसतील सर. तिथं रेंज न्हाई. आन् आमचं रान दोन ठिकाणी हाय."

घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. एक रान गावाच्या पूर्वेला, दुसरं तीन कोस उलट बाजूला. कुणाला कुठं पाठवायचं? मी विचार करत होतो तोवर मामांनी विचारलं, "पोरी, तुमच्यात सोमवार पाळतेत का?"

"हाव मामा."

"मग रानात कशाला जाईल? कोळपं बंद, औत बंद. बैल धुवायला गेला आसंल. पाणी कुठं हाय तुमच्याकडं?"

"पाझर तलाव हाय."

मामांनी मोटारसायकलची किल्ली घेतली. जाताना मला म्हणाले, "सर, तुमचा फोन मोकळा ठिवा." आणि दयानंदला, "तू पोरीचे कागद एका ठिकाणी लावून ठिव. राग मंग काढ."

दयानंदनं सगळी कागदपत्रं क्रमानं लावली, नवीन दाखला घेतला, पहिलं पान उघडून ठेवलं. बबिता खुर्चीच्या टोकावर बसून होती. ती एकदाच बोलली, "सर, मामांना रागावू नका."

चारला पाच मिनिटं कमी असताना माझा फोन वाजला. आधी बैलाच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आला, मग मामांचा. "सापडला सर. गळ्याइतक्या पाण्यात हुता, मोबाइल काठावर सदऱ्यात गुंडाळलेला. आता तलावाच्या पाळीवर उंच उभा केलाय त्याला. एक दांडी रेंज हाय. पाठवा आकडे."

दयानंदनं कळ दाबली. पलीकडून सुदाम एकेक आकडा वाचत गेले, मी मोठ्यानं म्हणत गेलो. अर्ज उघडला. सुदामांना तसंच पाळीवर उभं राहायला सांगितलं, कारण शेवटी आणखी एकदा आकडे लागणार होते. पाच वाजून सात मिनिटांनी अर्ज दाखल झाला. पावती छापून निघाली तेव्हा बबितानं ती दोन्ही हातांनी धरली.

मामा साडेपाचला आले. पॅन्ट गुडघ्यापर्यंत ओली. दयानंदनं त्यांना पाण्याचा ग्लास दिला, पण दुसऱ्या दिवशी प्राचार्यांकडे तक्रारही दिली. प्राचार्यांनी मला आदेशाचा मसुदा करायला सांगितलं, शिपायांनी संगणकाला हात लावू नये. मी मामांना बोलावलं.

"सर, चूक माझीच," ते म्हणाले. "बैल आर्ध्या वावरात सोडत न्हाईत. बांधापस्तोर न्यायचा, मग सोडायचा. मी इचारलं न्हाई."

"मग बंद करायचं का हे?"

"इसावा तर द्यावाच लागंल की. मी इचारून देतो."

मी मसुदा वेगळा केला. दर सोमवारी कार्यालय सुटायच्या आधी वीरण्णा प्रत्येकाला विचारतील, काम जतन झाल्याचं सांगितल्यावरच ब्राउझर बंद करून उघडतील, आणि संबंधितानं स्वतः खात्री करावी. प्राचार्यांनी सही केली. आता सोमवारी पावणेपाचला मामा टेबलाशी उभे राहतात. "बांध आला का?" ते विचारतात. दयानंद सुरुवातीला मान वर करत नसे. हल्ली म्हणतो, "थांबा मामा, दोन फेरे राहिलेत."

दिवाळीच्या सुट्टीआधी बबिता दाखला न्यायला आली होती. वसतिगृहात तिला खोली मिळाली आहे. माझ्याशी अभ्यासक्रमाबद्दल बोलून झाल्यावर ती बाहेर बाकावर मामांजवळ बसली.

"मामा, तिथं आमच्या संगणक खोलीत तीन मशीनला लाल खूण हुती."

"मग?"

"सोडते की मी सोमवारी. आदी समद्यांना इचारून."

मामांनी पानाची चंची काढली. "आन् अप्पा? बैल धुतो का न्हाई येळच्या येळी?"

"धुतेत. पर आता मोबाइल पाळीवर ठिवतेत."