सोफ्यामागची बेबीबाई

पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्याच्या क्वार्टरमध्ये बेबीबाईंचा सगळा संसार झाला. दीड खोलीत सासू-सासरे, दोन दीर, नवरा आणि मुलगा भरत. दुपारी बाई लोखंडी कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत शिरत. तिथे बसून गुळाचा खडा चघळत, सासूच्या चालण्याची मनातल्या मनात नक्कल करत. कुणी हाक मारली तर, "झाडझूड चालू शे," म्हणत.

नवरा गेल्यावर भरतने शहाद्यात बंगला बांधला. आईला स्वतंत्र खोली दिली. कपाटं भिंतीतच बसवलेली. बाईंचं अन्न तुटलं.

"एवढी मोठी खोली, तिमा मी कोठे शे तेच समजत नही," त्या म्हणाल्या.

भरतने रक्त तपासून आणलं. सगळं ठीक निघालं.

त्याची बायको संध्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची. ती म्हणाली, "लहान मूल पडद्यामागे लपतं. आईचा आवाज येत असतो, तिची नजर तेवढी पोहोचत नाही. अशा जागेतच माणसाचा 'मी' घडतो. आईंची ती कपाटामागची जागा जुन्या घरी राहिली."

"म्हणजे या वयात मायला पडदा बांधून देऊ?" भरत हसला.

पुढच्या रविवारी सुरतचे पाहुणे बंगला बघायला आले. भरतने ऐटीत आईच्या खोलीचं दार उघडलं. आत कुणीच नव्हतं. तो गच्ची, मागचं अंगण, सगळी गल्ली पालथी घालून घामाघूम परतला. तेवढ्यात हॉलमधल्या सोफ्यावर बसलेली पाहुणी नवऱ्याच्या कानात पुटपुटली, "सुनेचा जाच असेल, म्हणून निघून गेली."

सोफ्यामागून आवाज आला, "सून चांगली शे. चहामा साखर तेवढी कमी टाकस."

पाहुणी चहासकट उभी राहिली. भरतने मागे वाकून पाहिलं. बाई मांडी घालून निवांत बसल्या होत्या.

"माय, तू आठे काय करस?"

"बशेल शे."

भरत दोन दिवस घुश्शात होता. मग स्वतःच भंगारवाल्याकडून एक जुनं कपाट आणलं आणि आईच्या खोलीत भिंतीपासून हातभर पुढे उभं केलं. बाई पुन्हा दोन भाकरी खाऊ लागल्या.

एका दुपारी तो आईला शोधत आला, तर ती कपाटापुढे खाटेवर बसलेली. कपाटामागे संध्या पाय पसरून, डोळे मिटून बडीशेप चावत होती.

"आते तिनी बारी शे," बाई हळूच म्हणाल्या.

"आणि मन्ही?"

"तुले आख्खा बंगला शे ना."