जास्वंदीची साल

रात्री निफाडात पारा इतका उतरला की पहाटे दव पानांवरच गोठलं. आईने कोकणातून पाठवलेल्या जास्वंदीची पानं सकाळी उकडलेल्या पालकासारखी काळपट, लुळी पडली होती.

कुंपणापलीकडून शेजारच्या काकू म्हणाल्या, "नखाने साल खरवडून बघ गं. आत हिरवं असेल तर फुटेल परत."

मी अंगठ्याचं नख सालीवर टेकवलं आणि तिथेच थांबले. मुलांना ताप आला की थर्मामीटर मी लावायचे, पण वाचायला नवऱ्याच्या हातात द्यायचे. आकडा कळेपर्यंत वाटत राहतं, अजून काही झालेलं नाही.

"आहे का हिरवं?" काकूंनी विचारलं.

"बघते," मी म्हणाले, आणि घरातून जुनी साडी आणून जास्वंदीवर पांघरली. ऊन तोवर चांगलं वर आलं होतं.